हाती न लागणारा गडी

आमच्या गावात कबड्डीवरून घराघरांत भांडणं लागायची. अकोटपासून तीन कोसांवरचं गाव, दुसरी करमणूक तरी कोणती? संध्याकाळी राखेच्या रेघा ओढल्या की म्हातारेही चिलमी घेऊन लिंबाखाली येऊन बसत. वाद एकच: चढाईला बळाचा गडी बरा की चपळ? बळाचा म्हणजे मी, खुशाल. तिघांनी धरलं तरी तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत आणायचो. चपळ म्हणजे देवमन. तो जाई, एखाद्याला शिवून परत येई, आणि त्याच्या अंगाला कुणाचं बोट लागलेलं नसे. "वारा आहे, वारा!" लोक म्हणत. मी मनातून जळायचो, खोटं कशाला बोलू?

देवमनच्या घराने छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला. दोन वर्षांनी गावात आलेल्या नव्या मास्तरांनी त्याला संघात घेतलं. कुरकुर झाली, पण तो गुण आणायचा, मग सगळे गप्प. बचावाला आम्ही हातात हात गुंफून साखळी करायचो, तेव्हा तो कोपऱ्यात एकटा उभा राही. ती त्याची जागाच, असं आम्ही धरून चाललो होतो. आज सांगताना लाज वाटते.

एकोणसाठ साली अकोल्यात सामने होते. तिथल्या गिरणी कामगारांच्या संघाला चढाईचा एक गडी हवा होता, आणि निवडलेल्याला गिरणीत काम मिळणार होतं. देवमनला ते हवंच होतं. एस.टी.त आम्ही गूळ-शेंगदाणे खात, गाणी म्हणत गेलो. तो मात्र खिडकीशी एकटाच बसून होता.

सामना त्याच गिरणीवाल्यांशी पडला. देवमन रुबाबात चढाईला गेला, आणि कोपऱ्यातल्या पोराने सरळ त्याचा घोटा धरला. वर तिघे पडले. देवमनने साधी धडपडही केली नाही. तोंडातलं "कबड्डी, कबड्डी" थांबलं, दम सुटला, गडी बाद.

मी ओरडलो, "काहून बे, पाय बांधले होते काय तुये?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "खुशालभाऊ, मले आजवर कोनं धरलंच नाई. मी काई पयत नव्हतो. लोकंच सरकून राहिले होते."

खरंच होतं. आमच्या गावात काय, आसपासच्या गावांत काय, त्याला शिवायला नको म्हणून सगळे बाजूला होत, आणि आम्ही त्याला चपळ म्हणून मोकळे.

मी त्यांचा एक गडी बाद केला तसा तो पुन्हा आत आला, पण पुढच्या चढाईला पळाला नाही. चालत गेला. पाच जण अंगाला लोंबकळले, तरी तोंडातला दम चालूच. चिखलात रुतलेली गाडी काढावी तसा एकेक पाऊल टाकत तो आला आणि मध्यरेषेवर हात टेकवून आडवा झाला. धरणारे पाचही बाद. त्यांतल्या एकाने हसत त्याच्या पाठीवरची माती झटकली. देवमन रडत होता. बळाचा गडी खरा तो होता, मी नव्हे.

सामना आम्ही हरलो, पण गिरणीचा कप्तान ओमप्रकाश त्याला म्हणाला, "सोमवारी कामावर ये." पुढे आठ वर्षं देवमन अकोल्याकडून खेळला. मी बघायला जायचो. चहा पाजल्याशिवाय त्याने मला कधी सोडलं नाही. काय दिवस होते ते!

पण त्याने गाव सोडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचा शेवटचा सराव झाला होता. तो म्हणाला, "खुशालभाऊ, जायच्या आंधी एकदा तुमी धरा मले. आपल्या मातीत."

तो चढाईला आला. हळूहळू, थेट माझ्यासमोर. लिंबाखाली माझे वडील नत्थुजी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

देवमनने परत जायची घाई केली नाही. दम सुटेपर्यंत तो हात पुढे करून तिथेच उभा होता.