मान वर, पाठ सरळ

जनूदादा गेल्याचं मला कणकवलीच्या बाजारात कळलं. गावाकडचा शेजारी आबा समोर आला, हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाला, "जनूदादा गेलो रे. काल सकाळी." त्याला आता तीन आठवडे झाले...

जनूदादा माझा चुलतभाऊ, दहा वर्षांनी मोठा. मुंबईत एका साहेबी क्लबाच्या मैदानावर गवत कापायचा, चुन्याच्या रेघा आखायचा. तिथे गोरे खलाशी रग्बी खेळत, ते बघून बघूनच हा खेळ शिकला. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी क्लब बंद पडला आणि तो जुना चेंडू घेऊन गावी आला. असोल्या नारळासारखा तो चेंडू बघून सगळे हसले. पण महिन्याभरात ओहोटीच्या ओल्या वाळूवर आम्ही तीस जण धावत होतो. चेंडू हाताने द्यायचा तो मागच्यालाच. "पुढे टाकूचो नाय," म्हणत जनूदादा शिट्टी फुंकायचा. चेंडूवाल्याला कमरेला मिठी घालून पाडायचं, पडलेल्याने चेंडू सोडायचा. समोरच्या रेघेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', तीन गुण. चेंडू पुढे टाकला किंवा तशीच काही चूक होऊन खेळ थांबला की 'स्क्रम': आठांविरुद्ध आठ, एकमेकांना धरून, वाकून रेटायचं.

अशाच एका स्क्रममध्ये पुढची फळी कोसळली. मधला यशवंत उठलाच नाही. मानेचा मणका... जगला, पण हातपाय लुळे पडले.

जनूदादा यशवंतच्या आईपुढे जाऊन बसला. "काकी, मान वर, पाठ सरळ, ह्या पयला शिकवचा लागता. माका ठावक होता. मिया घाई केलंय."

काकी म्हणाली, "आता तू येत रव."

तो बारा वर्षं येत राहिला. रोज सकाळी यशवंतची आंघोळ, दाढी, मग पेज भरवणं. लग्नाचं कुणी काढलं की उठून जायचा. त्याच स्क्रममध्ये मीही मागून रेटत होतो, पण यशवंतकडे जायचो सणासुदीपुरता.

परवा गेलो. काकी आता थकली आहे. यशवंतची दाढी वाढली होती. मी साबण लावला, वस्तरा उचलला, तसा तो हळूच म्हणाला, "आधी मानेखाली हात घाल. जनूदादा तसो घाली."

मी हात घातला. मान जड होती. उशीशेजारी गादीत रोज कोपर टेकून टेकून एक खळगा पडला होता. माझं कोपर त्यात बसलं... आणि मी वस्तरा त्याच्या गालाला लावला.