तळातला लॅपटॉप

आम्ही आर्वीचे कापूस व्यापारी. गाडीतला वरचा कापूस आम्ही बघतसुद्धा नाही. कोपरापर्यंत हात घालून तळातला मूठभर ओढायचा आणि त्यावर माल ठरवायचा. त्यामुळे मुलीला ॲप बनवण्यासाठी लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा सोबत माझ्यासारखा अनुभवी माणूस असावा, असं मलाच वाटलं.

नागपूरच्या एका कंपनीला तिला स्वतःचं ॲप दाखवायचं होतं. आवडलं तर नोकरी. वर्ध्याच्या दुकानात तिने सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप निवडला. ॲप तपासायला लॅपटॉपमध्येच एक खोटा फोन चालवावा लागतो, रॅम कमी असली की तो अडकतो, हे तिने मला एसटीत समजावलं होतं. मग ती शेजारी बॅग बघायला गेली आणि खोका घेणं माझ्याकडे आलं.

विक्रेत्याने थप्पीवरचा खोका काढला. मी तळातला मागितला. तो वेगळ्या मॉडेलचा आहे, असं तो म्हणाला. तळातला माल द्यायचा नसला की विकणारा काहीतरी सांगतोच, म्हणून मी हटलो नाही.

घरी उघडला. रंग तोच, वजन तेच, रॅम निम्मी; आणि ती वाढवता येत नाही. दुकानाला फोन केला तर उघडलेला माल परत घेत नाही म्हणाले. हे वाक्य मी स्वतः लोकांना ऐकवतो, त्यामुळे मीच फोन ठेवला.

बायको म्हणाली, "घाला न मंग कोपरापर्यंत हात, अन् काढा बाकीची रॅम."

मुलीने लॅपटॉपवर खोटा फोन चालवून बघितला. मग म्हणाली, "बाबा, तुमचा फोन द्या."

"काऊन?"

"खोटा फोन चालून नाई राह्यला. आता खऱ्यावरच तपासा लागन."

तेव्हापासून घरी असलो की माझा फोन वायरने लॅपटॉपला बांधलेला. कुणाचा फोन आला की मी टेबलावर वाकून, वायर न ओढता, हळू बोलायचो. समोरच्याला वाटे, बाजारात काहीतरी शिजतंय.

ॲप दाखवायच्या दिवशी सगळ्यांना फोन करू नका म्हणून बजावलं. एका दलालाला तेवढं सांगायचं राहिलं. ती व्हिडिओ कॉलवर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर माझा फोन धरून कंपनीच्या लोकांना ॲप दाखवत होती आणि नेमकं त्यावर त्याचं नाव उमटलं. तिने तो कापला.

"बाबांचा फोन आहे सर. लॅपटॉप कमी पडला, म्हणून सगळं यावरच तपासलं."

मग तिने ते कसं केलं, तेवढंच त्यांनी विचारलं.

तिला घेतलं. दलाल अजून रुसलेला आहे. पोरीने नोकरीपायी फोन कापला, हे त्याला पटत नाही. त्याच्या मते मी तेव्हा दुसऱ्या दलालाकडून माल उचलत होतो.