मूळ मापाची चाकं

खडकी बाजारातल्या या टायरच्या दुकानात नव्या रबराचा उग्र वास भरून राहिलेला आहे. तासाभरापासून मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नुसता बसून आहे. समोर वडिलांची जुनी गाडी जॅकवर चढवलेली. ते जाऊन वर्ष झालं. गाडी विकायचं मन होत नाही आणि ठेवायची तर टायर हवेत, पण तेवढंही ठरवायचा आताशा कंटाळा येतो. कारागिरानं विचारलं, "पुन्हा रुंदच टाकायचे ना, साहेब?" आणि त्या 'पुन्हा'नं मला वीस वर्षं मागं नेलं.

वडील इथल्याच दारूगोळा कारखान्यात होते. दर रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, ते चारी चाकांची हवा स्वतःच्या गेजनं तपासायचे. गाडीची चाकं मुळात अरुंद, आणि त्या मापाचे टायर बाजारातून हळूहळू दिसेनासे होत चालले होते. मी हिंजवडीत नुकता लागलो होतो, हातात पहिल्यांदाच मोकळे पैसे आले होते आणि घरातलं जे जे जुनं ते सुधारून टाकायची घाई होती. याच दुकानातून मी चकचकीत मॅगव्हील, म्हणजे अलॉयची फॅशनेबल चाकं, आणि चांगले दोन बोटं रुंद टायर बसवून घेतले. दुकानाचे मालक चाचा एवढंच म्हणाले होते, "गाडी वडील चालवतात ना? त्यांना विचारलंत?" मी म्हणालो, त्यांना सरप्राइज द्यायचंय. वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वा. आता आत नवरदेव तेवढा बसवा." त्यांचं कौतुक असंच तिरकं यायचं, म्हणून मी खूश झालो.

सहा महिन्यांत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत," म्हणाले. खरं सांगायचं तर रस्त्यावरची गर्दी पाहता मला सुटल्यासारखंच वाटलं. पुढं ते रिक्षानं फिरले, नाहीतर माझ्या सवडीची वाट बघत बसले. रविवारची हवा मात्र तपासत राहिले.

आज चाचांनी कारागिराला हातानं थांबवलं. आता तेही ऐंशीला टेकलेत. "तुमचे वडील तेव्हा दोनदा आले होते," ते सावकाश म्हणाले. "स्टिअरिंग जड झालंय, गल्लीत वळवताना खांदा भरून येतो म्हणायचे. मी म्हटलं, जुन्या मापाचे शोधून देतो. तर म्हणाले, राहू द्या, पोरानं हौसेनं टाकलेत. त्याला बोलू नका." जुन्या लोखंडी रिम वडिलांनी चाचांकडेच ठेवायला दिल्या होत्या. त्या अजून माळ्यावर होत्या.

त्याच रिमवर, चाचांनी कुठूनसे मागवून घेतलेले अरुंद टायर चढले. गाडी खाली उतरल्यावर मी जागच्या जागी स्टिअरिंग फिरवून पाहिलं, ते एका हातानं वळलं. इतकी वर्षं मीही ती गाडी चालवली होती, पण माझे खांदे तरुण होते. माणसाचं वय आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, खांद्यात दिसत नाही.

दर वर्षी मी त्यांना न चुकता डोळे तपासायला नेत असे. डॉक्टर म्हणायचे, नंबर तोच आहे, काही वाढलेला नाही. माझं समाधान व्हायचं नाही. मी म्हणायचो, पुन्हा एकदा नीट बघता का? आणि वडील परत त्या यंत्रावर हनुवटी टेकवायचे.