बिनधारेचा चाकू

आज गल्लीत धार लावणारा आला. घासलेल्या लोखंडाचा वास सुटला आणि वीस वर्षांपूर्वीचं बाभुळगावचं शेत आठवलं.

यांनी पांढरकवड्याच्या हायवेवरच्या एका दुकानातून वीतभर पात्याचा घडीचा चाकू स्वस्तात आणला होता. "पाह्य, कसा दणकट हाये!" म्हणत तुरीच्या ओल्या खोडावर दाबला. खटका सुटला आणि पातं यांच्या चार बोटांवर मिटलं. मी धावले. उघडून पाहिलं तर नुसती लाल रेघ.

"फसवलं मले त्यानं," हे चिडले. "धारच नाही याले!"

मी मनातल्या मनात त्या दुकानदाराला हात जोडले.

आज विळी, सुरी, कातर, सगळं धारेला दिलं.

"अन् हा मोठा घडीचा चाकू?" धारवाल्यानं विचारलं.

ओट्यावर हे तुरीच्या शेंगा सोलत होते, दाही बोटांनी.

"राहू द्या भाऊ," मी म्हटलं. "तो तसाच चांगला हाये."