गोळ्यांची उसनवारी

माझ्या बायकोला तीन दुखणी होती. साखर, प्रेशर आणि गुडघे. मला दमा, आणि पुढं प्रेशरही लागलं. लेकरं म्हणायची, घरात माणसं दोन आणि दुखणी पाच. मी म्हणायचो, तुमच्या आईची जीभ धरली न्हाय तुम्ही, ती सहावी. ती जाऊन आता दुसरा पावसाळा चाललाय. हे तिला ऐकू जात असंल तर तिनं उलटून बोलावं, मी वाट बघतोय.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात आम्ही जवान होतो, खडी फोडून निभावलं. हे सांगतोय ते त्याच्या नंतरच्या दुष्काळाचं. ऊस जाग्यावर वाळला होता, कारखान्याचं धुराडं गार पडलं होतं आणि गल्लीत पाण्याचा टँकर यायचा. गावात देवी, पटकीची लस टोचायला सरकारी माणसं येऊन गेलेली. ती दुखणी पाहुण्यासारखी, आली की गेली किंवा माणसाला घेऊन गेली. पण साखर, प्रेशर म्हणजे घरजावई. कायमचे मुक्कामाला, आणि रोज सकाळी गोळी मागणार. त्यांच्यासाठी गावात कुणी येत नव्हतं. डॉक्टर ढोकीला, आणि एसटीला पैसे लागायचे.

बायकोनं गोळ्या मिसळणाच्या डब्यात ठेवल्या. नाहीतरी दुष्काळानं त्यातल्या वाट्या रिकाम्याच होत्या. जिऱ्याच्या वाटीत साखरेची गोळी, मोहरीच्या वाटीत प्रेशरची, हळदीच्या वाटीत गुडघ्याची. एकदा प्रेशरची एक गोळी मोहरीबरोबर फोडणीत गेली. त्या दिवशी आमटी खाऊन मी लई शांत होतो, असं ती साऱ्या गल्लीला सांगत सुटली.

गल्लीत घरोघर हीच दुखणी. मग उसनवारी सुरू झाली. विरजण मागावं, काडेपेटी मागावी, तशी बाया एकमेकीला गोळी मागायच्या. भिंतीपलीकडची शेजारीण रोज भिंतीवरून डोकं काढायची. ती हिला आक्का म्हणायची, म्हणून मी दाजी. तिलाही साखर, तिलाही गुडघे.

“आक्का, गुडघ्याची एक द्या की. बाजारादिवशी परत करते.”

ही लगेच डबा उघडायची. मी वैतागायचो.

“अगं, डॉक्टरनं सांगितलंय, एक दिवस खाडा करायचा न्हाय. आन तू वाटत सुटलीस.”

“तुमी बाप्ये सोसायटीतनं खत उचलता, बी उचलता. आमी एकमेकीची गोळी उचलली तर पोटात का दुखतंय तुमच्या?”

“सोसायटी बुडती, म्हाईत हाय का?”

“बुडती ती बाप्यांची.”

माझं काय चालतंय! मला एकच भीती होती, ही एक दिवस उभ्याउभ्या पडंल. आणि तसंच झालं.

शेजारणीनं उसनी गोळी परत केली. पांढरी, बारीक. हिनं ती हळदीच्या वाटीत टाकली आणि सकाळी गुडघ्याची म्हणून गिळली. खरं तर ती साखरेची होती. आपली साखरेची गोळी हिनं आधीच घेतली होती. पोटात भाकरीचा तुकडा न्हाय आणि टँकर आला म्हणून घागर घेऊन पळाली. रांगेत घामानं भिजली, थरथरली आणि घागरीसकट खाली बसली ती आडवीच झाली.

मी पोचलो तर बाया घरी पळून गोळ्या घेऊन आल्या होत्या. ज्यांच्याकडं हिच्या गोळ्या उसन्या होत्या त्यांनी त्याच दिवशी व्यवहार मिटवायचा ठरवला जणू. एक म्हणती लाल द्या, एक म्हणती पांढरी. मी ओरडलो, “सरका, मारता का तिला!” माझाच दमा उसळला आणि मी शेजारी बसलो. टँकरवाला म्हणाला, “बाई उपाशी हाय, जरा गोड द्या तोंडात.” कुणीतरी गुळाचा खडा तिच्या गालात सरकवला.

थोड्या वेळानं डोळे उघडले. पहिला शब्द काय? “अजून एक खडा द्या.”

दोन वर्षं मी तिच्यापासून गूळ लपवून ठेवत होतो. त्या दिवशी साऱ्या गावासमोर तिनं तो हक्कानं खाल्ला, वर माझ्याकडं बघून चघळला.

तिला ढोकीला नेलं, डॉक्टरनं गोळ्या बघून सगळं उलगडून सांगितलं. म्हणाले, आज वाचलात, पुन्हा दुसऱ्याची गोळी तोंडात घालू नका. परत येताना आम्ही एसटीत बसलो. मी म्हणलो, “बुडाली का सोसायटी?” ती म्हणली, “बुडाली न्हाय. नियम बदलला.”

तेव्हापासून बाजारादिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया आमच्याच ट्रॅक्टरवाल्या पुतण्याच्या ट्रॉलीत बसून ढोकीला जायला लागल्या. ज्याची गोळी त्यानं आणायची, ज्याची त्यानं खायची. ज्या ट्रॉलीनं ऊस न्यायचा तिच्यात गुडघे, साखर, प्रेशर भरून चालले, आणि एका कोपऱ्यात माझा दमा. त्या नियमावर ती म्हातारी होईपर्यंत जगली.

ती गेल्यावर मी दवाखाना सोडला. कशाला जायचं, असं वाटायचं. परवा शेजारीण वाटी घेऊन आली. आता तीही वाकलीय. वाटीत एक गोळी.

“दाजी, आक्काची गुडघ्याची एक गोळी फिटायची राहिलीय माझ्याकडं. त्या दुष्काळात चुकून साखरेची दिली, तवापासनं. मेलेल्या माणसाचं उसनं ठेवू न्हाय. काल नवी आणली दुकानातनं.”

“मी काय करू तिचं? माझे गुडघे धड हायत.”

“खाऊ नका, ठेवा डब्यात. पण तुमची प्रेशरची कुठाय?”

तिनं न विचारता डबा उघडला. मोहरीच्या वाटीत नुसती मोहरी होती.

“उद्या बाजार हाय,” ती म्हणली. “ट्रॉली न्हाय आता, जीप हाय. सकाळी भाकरी खाऊन बसा.”

ती गोळी मी हळदीच्या वाटीत ठेवली. आणि सकाळी भाकरी खाऊन जीपची वाट बघत दारात बसलो.