कागदावर नसलेल्या बॅटऱ्या

वैजनाथभाऊ बॅटरीच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढत आणि रबरी बूट घालत. घड्याळ खिशात, अंगठी डबीत. प्रत्येक बॅटरीला आधी तळहात लावत, मीटर नंतर. ॲसिडनं बाहीला पडलेली भोकं बायकोकडून रफू करून घेत आणि पुन्हा त्याच बाहीला पाडत. चहा अर्धाच पीत. म्हणत, "साठा राहू द्यावा."

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीच्या तळघरात अशा दोनशे चाळीस बॅटऱ्या होत्या. वीज गेल्याचं वरच्या सहा मजल्यांना कळू नये, एवढंच त्यांचं काम. अकरा वर्षं ते कुणाला कळलं नाही. त्यामुळे वैजनाथभाऊही कुणाला माहीत नव्हते. मला झाले, कारण साहित्यात एम.ए. केलं म्हणून कंपनीनं मला यंत्रांवरच्या सूचना लिहायला घेतलं होतं. 'धोका. आत प्रवेश नाही.' हे माझं पहिलं प्रकाशित लेखन. ते त्यांच्या दारावर लागलं.

भाऊ परळीकडचे. गावातून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत, आणि घरात बारा-बारा तास वीज नसे. आयटीआय करून पुण्यात आले, तेव्हा इथंही भारनियमन सुरू झालं. पेठांमधून इन्व्हर्टर बसवत फिरले. एका आजोबांनी विचारलं होतं, "वीज साठवता म्हणे. शिळी होत नाही का?"

"होते काका. म्हणून तर पाणी घालायला येतो."

"मग पाण्याचेच पैसे घ्या. विजेचे आम्ही मंडळाला देतो."

बावीस साली कंपनीनं इमारतीमागे कंटेनर आणून ठेवला. पांढरा, ट्रकएवढा, आत लिथियमच्या बॅटऱ्या. गच्चीवरच्या सौरपाट्यांची वीज त्यात भरायची. भाऊंनी त्यालाही बाहेरून तळहात लावला.

"दुपारचं ऊन रात्री वापरायचं. आमच्या गावाबाहेर असे दहा-वीस ठेवले, की झालं बघा," ते म्हणाले. "गावंच्या गावं चालतील ह्याच्यावर."

कंटेनरसाठी एक कायम माणूस घ्यायचा होता. भाऊ कंत्राटदाराचे; दर अकरा महिन्यांनी त्यांचं कार्ड नवं व्हायचं. इंग्रजी अर्ज मी लिहून दिला. जुन्या बॅटऱ्या भंगारात काढायचा हुकूम निघाला, आणि तसं कागदावर झालंही. भंगारवाला मात्र दसऱ्यानंतर येणार होता. तोवर भाऊंनी त्या जोडूनच ठेवल्या.

"नवीन माणसाला पहिले दिवस एकटं सोडू नाही," कंटेनरकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. जर्मनीतले ग्राहक पडद्यावर हजर. पूजा झाली, की बाहेरची वीज तोडून सगळी इमारत कंटेनरवर चालवून दाखवायची होती. व्यवस्थापक अवधूत सर झब्बा घालून आले. त्यांनी कंटेनरच्या आत उदबत्ती लावायला सांगितली.

"सर, आत धूर नको. धूर लागला, की ते बंद पडतं."

"वैजनाथ, कोट्यवधींची वस्तू आहे. देवाला बाहेर उभं करू का?"

उदबत्ती आत लागली. सरांनी बाहेरून दार लावलं. नारळ फुटला, वीज तोडली, टाळ्या वाजल्या. नवव्या मिनिटाला कंटेनरनं आपल्यालाच आग लागल्याचं ठरवलं. आत आग विझवायचा गॅस सोडला आणि स्वतःला बंद करून घेतलं.

वर एकही दिवा लुकलुकला नाही. तळघरातल्या बॅटऱ्यांनी इमारत उचलून धरली. बाहेरची वीज पुन्हा जोडेपर्यंत बावीस मिनिटं. जर्मन लोकांनी कंटेनरचं कौतुक केलं. अवधूत सरांनी नम्रपणे मान झुकवली.

पुढच्या आठवड्यात चौकशी बसली. उदबत्तीबद्दल कुणी विचारलं नाही. धार्मिक बाब होती. प्रश्न निघाला तो बावीस मिनिटांचा. भंगारात गेलेल्या बॅटऱ्यांवर इमारत चाललीच कशी?

"मी चालवली," भाऊ म्हणाले.

"कुणाच्या परवानगीनं?"

"विचारायला वेळ नव्हता, सर. अंधार झाला असता."

हे त्यांच्या जबाबात आहे. मी वाचलं आहे. मराठीत इतकं साधं वाक्य मला अजून लिहिता आलेलं नाही.

निकाल लागला नव्हता. कायम जागेची आशा भाऊंनी सोडली नव्हती. दुरुस्त झालेला कंटेनर सोमवारी त्यांनीच तपासायला घेतला. बनवणाऱ्यांचं म्हणणं, भरलेला कंटेनर पूर्ण भारावर चार तास चालतो. भाऊंनी दहा वाजता इमारतीचा भार त्यावर टाकला आणि दर पंधरा मिनिटांनी उरलेल्या विजेचा आकडा लिहू लागले. अकरा चाळीसला वरून बोलावणं आलं. मी तिथंच होतो.

"पाच मिनिटांत येतो," म्हणाले आणि घड्याळ मनगटावर चढवलं.

वर त्यांचं कार्ड काढून घेतलं. पुढच्या दारानं, सुरक्षारक्षकासोबत, त्यांना बाहेर नेलं. मला हे दीड वाजता कळलं. फोन लावला. तो बंद होता.

मी पुन्हा मागे गेलो. तक्ता कंटेनरच्या दाराला चिकटवलेला होता. साडेअकरासमोर एकसष्ट टक्के. त्याखाली पावणेबारा, बारा, सव्वाबारा, अशा दोनपर्यंतच्या सगळ्या वेळा त्यांनी आधीच लिहून ठेवल्या होत्या. त्यांच्यासमोर काही नव्हतं. आत कंटेनर रिकामा होत होता, आणि किती, ते कुणी बघत नव्हतं.