खंडेनवमीला उघडलेला अ‍ॅक्सल

दाजींचा एक कान मागाने खाल्ला होता. बमरोलीच्या कारखान्यात रोज पाळीभर त्या खडखडाटात उभं राहून डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं, आणि उजवाही त्याच वाटेवर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. खानदेशातून सुरतेत आले ते मागावर, आणि आता माग सोडायचा तर करायचं काय, या प्रश्नाला त्यांनी शोधलेलं उत्तर म्हणजे लष्कराच्या लिलावातून हात बदलत आलेला एक जुना ट्रक. ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो आणि ताईच्या घराच्या पुढच्या खोलीत राहायचो.

पांडेसऱ्याला एक नवी डाइंग मिल उभी राहिली होती. विणलेलं कोरं कापड बमरोलीहून तिथे न्यायचं आणि रंगवलेलं शहरात पोचवायचं, हे काम तीन ट्रकांना मिळणार होतं. मॅनेजर गुजराती, मितभाषी. त्याने ट्रकवाल्यांना एवढंच सांगितलं की दसऱ्याला सकाळी नव्या गेटचं उद्घाटन आहे, गाड्या हार घालून रांगेत उभ्या पाहिजेत. जी गाडी नसेल तिच्याबद्दल नंतर बोलणं नको. मिलच्या शेठला आपल्या मालकीचं जे काही आहे ते आणि जे नाही तेही पाहुण्यांना दाखवायचं होतं.

नेमका अष्टमीला ट्रक मागच्या बाजूने रडायला लागला. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो गोल डबा असतो, त्याच्या आतलं बेअरिंग गेलं होतं. दाजींनी गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि अ‍ॅक्सल खाली काढला. आत एक मोठं ताटाएवढं दातेरी चक्र असतं, त्याला क्राऊन म्हणतात. इंजिनापासून गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा मागे येतो, त्याच्या टोकाला पिनियन नावाचं लहान दातेरी चक्र असतं. इंजिन दांडा फिरवतं, पिनियन क्राऊनला फिरवतं, आणि क्राऊन दोन्ही बाजूंच्या चाकांना. लांबीच्या दिशेने आलेली ताकद इथे काटकोनात वळते. मला हे सगळं पुस्तकातून माहीत होतं, म्हणजे कपड्यांना ग्रीस न लागता.

त्या जुन्या गाडीच्या अ‍ॅक्सलचं कवच दोन अर्ध्यांचं होतं, आणि दोन्ही अर्धे अगदी सारखे. म्हणून दाजींनी उजव्या अर्ध्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला. बेअरिंग मिळेपर्यंत अष्टमीची संध्याकाळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी नवमी, म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात, वापरत नाहीत. दाजींनी अष्टमीलाच जेवढं जुळवता आलं तेवढं जुळवलं. क्राऊन एका अर्ध्यात बसवून ठेवलं, आणि पाने, हातोडे, जॅक यांच्यासकट सगळं ओसरीवर मांडलं.

ताई पूजेला बसली. बसण्यापूर्वी तिने सगळ्या वस्तू घासलेटच्या बोळ्याने पुसून काढल्या. देवापुढे काळं तेल ओघळणारी वस्तू ठेवायची नाही, यात तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मग हळद-कुंकू वाहिलं. पुसल्यावर अ‍ॅक्सलचा एक अर्धा भिंतीला टेकवून पोत्याने झाकला होता, म्हणून जो पुढे होता त्याच्यावरच कुंकवाचं बोट पडलं. रात्रीतून हळद गळून गेली आणि कुंकू तेल पिऊन गडद झालं.

दसऱ्याला पहाटे पूजा हलवल्याबरोबर आम्ही कामाला लागलो. लाल ठिपक्याचा अर्धा उजवीकडे घेतला, मधे क्राऊन, डावीकडे दुसरा अर्धा. बोल्ट आवळले, चाकं चढवली, ताईने बॉनेटला झेंडूचा हार बांधला. शेजारच्या चाळीतली माणसं फाफडा-जिलबीचे पुडे हातात घेऊन बघायला जमली. दाजी वर बसले, इंजिन सुरू झालं, पहिला गियर पडला. ट्रक मोठ्या शांतपणे मागे गेला आणि शेजाऱ्यांच्या तुळशीजवळ जाऊन थांबला.

दाजींनी पुन्हा पहिला टाकला. ट्रक पुन्हा मागे. दुसरा टाकला तर जास्त जोराने मागे. तुळशीवाल्या काकू आपली कुंडी उचलून घरात गेल्या.

“आते काय व्हई?” ताईने विचारलं. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण माग म्हणजे काय ते पुरेसं कळत होतं.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. मी अ‍ॅक्सलखाली वाकून त्या लाल खुणेला बोट लावलं, तर ते बोट लाल झालं. पेंट असा हाताला येत नाही. खरा ठिपका ओला असतानाच घासलेटने पुसला गेला होता आणि आम्ही दोघांनी कुंकवावर भरवसा ठेवून डावा अर्धा उजवीकडे बसवला होता. ताईला समजावताना मी तिच्या ताकाच्या रवीचं उदाहरण दिलं. रवी दोन तळव्यांमध्ये धरून घुसळताना एक तळवा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. दांडा तोच, फिरतोही एकाच दिशेने, पण त्याच्या या बाजूला बसलेलं चक्र पुढे ढकललं जातं आणि त्या बाजूला बसलेलं मागे. आमचे अर्धे बदलले तसं त्यांच्यातलं क्राऊनही दांड्याच्या त्या बाजूला गेलं होतं. ताईने दोन्ही तळवे हवेत घासून पाहिले आणि मग विचारलं की हे सरळ करायला किती वेळ लागेल. दाजी म्हणाले, दुपार होईल. गेटचा कार्यक्रम सकाळी होता.

जमलेल्या मंडळींनी सल्ले दिले. एकाच्या मते बैल जोडावेत, दुसऱ्याच्या मते शेठकडे तार आल्याचा निरोप पाठवून कुणाला तरी मारावं. दाजी हार सरळ करून पुन्हा वर चढले आणि चांगल्या कानाने माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, पहिल्यात मागे जाते, तर रिव्हर्समध्ये पुढे जाईल ना?”

जाणारच होती. मी दुसऱ्या बाजूने चढलो.

बमरोलीहून पांडेसरा लांब नाही, पण रिव्हर्स हा एकच गियर असेल तर ते वेगळंच गाव होतं. रिव्हर्स हा घाईचा गियर नव्हे. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि आम्ही चालत्या माणसाच्या बरोबरीने निघालो होतो. सायकलींनी आम्हाला मागे टाकलं. एका म्हशींच्या कळपाने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि तोही पुढे गेला. एका टेम्पोवाल्याने खिडकीतून मान काढून विचारलं, “काका, धक्को मारुं के?” दाजींनी तो न ऐकू येणारा कान त्याच्याकडे केला. रेडिएटर उकळला तेव्हा आम्ही थांबलो, डबक्यातलं पाणी भरलं आणि पुन्हा तोच गियर टाकला. दाजींचा डावा हात सबंध वाटभर गियरच्या दांड्यावर होता, घोडा धरावा तसा.

आम्ही पोचलो तेव्हा पाहुणे यायचे होते. मोठे पाहुणे नेहमी उशिरा येतात, आणि त्या एका सवयीबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मॅनेजरने तिसऱ्या गाडीच्या जागेकडे बोट दाखवलं. दाजी ती जागा गाठून थांबले. मग फीत, नारळ, हार, हारांनंतर त्याहून मोठे हार. पाहुण्यांनी देश पुढे कसा चालला आहे ते सांगितलं. पुन्हा सुरू होईल की नाही या भीतीने दाजींनी इंजिन बंद केलं नव्हतं, त्यामुळे त्यातलं बरंचसं आमच्यापर्यंत पोचलं नाही.

खरी पंचाईत नंतर आली. पाहुणे गेले आणि मॅनेजर आमच्याकडे येऊन म्हणाला की मुहूर्ताचा पहिला माल आत्ताच काढू, कापडाचे ताके भरा आणि शहरात पोचवा. बाकीचे दोघे ट्रकवाले लगेच खाली उतरले. मी दाजींच्या तोंडाकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. पण भरलेली गाडी घेऊन शहरापर्यंत रिव्हर्समध्ये जाणं म्हणजे रस्त्यात कुठेतरी गियर जळणार आणि कोणाचं तरी कापड उन्हात पडून राहणार. आणि नाही म्हणणं म्हणजे मागावर परत.

दाजी खाली उतरले. “साहेब, आज नाही,” ते म्हणाले. “माझी गाडी आज उलटी चालते. दुरुस्त करून उद्या आणतो.”

मॅनेजरला वाटलं हे काहीतरी दारूचं बोलणं आहे. त्याने दाखवायला सांगितलं. दाजी वर चढले, पहिला गियर टाकला आणि गाडी मागे घेतली. मग रिव्हर्स टाकला आणि ती पुढे आणली. मॅनेजर वाकून गाडीखाली बघत राहिला, जणू तिथे कुणीतरी लपून ढकलत असावं.

“बमरोलीथी आवी रीते आव्या?” त्याने विचारलं.

दाजींनी मान हलवली. मॅनेजरने दुसऱ्या दोन ट्रकांकडे बघितलं, गेटकडे बघितलं. मग म्हणाला, “काले सीधी आवशे?”

“सीधी आवशे.”

“तो काले भरशुं.” माल उद्या भरायचा ठरला.

घरी पोचताच गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढली. दसऱ्याचं सोनं वाटायला येणारे लोक अ‍ॅक्सलभोवतीच आपट्याची पानं देऊन गेले. श्रीखंड ओसरीवर आलं, कारण दाजी आत यायला तयार नव्हते. या वेळी त्यांनी ठिपक्यावर विसंबायचं सोडलं. छिन्नीने उजव्या अर्ध्यावर खोल खाच पाडली आणि बोल्ट आवळण्याआधी एक चाक हाताने फिरवून दांडा कुठे वळतो ते मला आणि ताईला, दोघांनाही, बघायला लावलं. ताईने वाकून बघितलं आणि मगच आवळा म्हणाली.

सकाळी मी शाळेला निघालो तेव्हा दाजी गाडी काढत होते. पहिल्यात ती गल्लीतून पुढे सरकली. वळणावर बाहेरचं चाक लांबून आणि आतलं जवळून, आपापल्या गतीने फिरत गेलं. मग मोठ्या रस्त्याला लागल्यावर दुसरा पडल्याचा आवाज आला. मी घराच्या फाटकापाशी थांबून राहिलो. तिसरा पडला, तेव्हा शाळेची वाट धरली.